ऑपरेशन थिएटरमध्ये हशा बंद

तीन वर्षं चाललेल्या युद्धावरची मालिका अकरा वर्षं चालू शकते का? चालली की! कोरियाचं युद्ध २५ जून १९५० ला सुरू झालं आणि २७ जुलै १९५३ ला थांबलं. त्या युद्धावरची ‘मॅश’ ही अमेरिकन विनोदी मालिका १७ सप्टेंबर १९७२ ला सुरू झाली आणि २८ फेब्रुवारी १९८३ ला संपली. शेवटचा भाग अडीच तासांचा होता. तो त्या रात्री अमेरिकेत साडेदहा कोटींच्या आसपास लोकांनी पाहिला. तेव्हा ‘नंतर बघू’ नावाचं बटण नव्हतं. ठरल्या वेळी टीव्हीसमोर बसायचं, नाहीतर भाग हुकला.

आता तुम्ही म्हणाल, बाबा शाळेत होते तेव्हाची मालिका, तीही युद्धावर, तीही कॉमेडी. हे आम्ही कशाला बघायचं? आणि बघितलीच तर घरातल्या आठवी-नववीतल्या भावंडांसमोर लावायची का? आपल्याकडे खोली एक, चार्जर एक. तुम्ही जे बघता ते मागून कुणीतरी डोकावून बघतच असतं. मला हा दुसरा प्रश्न जास्त अवघड वाटतो, म्हणून त्याच्यावरच बोलू.

आधी गोष्ट थोडक्यात. मॅश म्हणजे मोबाइल आर्मी सर्जिकल हॉस्पिटल. आघाडीच्या थोडं मागे तंबूत थाटलेलं आणि वेळ आली की गुंडाळून हलवता येणारं इस्पितळ. त्यातलं हे ४०७७ क्रमांकाचं. हॉकाय पिअर्स हा इथला सर्जन, भूमिका अ‍ॅलन अल्डाची. तो स्वतःहून आलेला नाही, सक्तीच्या भरतीत आलाय. हेलिकॉप्टरचा आवाज आला की सगळे धावतात, जखमी उतरवतात आणि मग कितीतरी तास टेबलापाशी उभे. उरलेल्या वेळात तंबूत दारू गाळणं, वरिष्ठांच्या खोड्या काढणं, घरी पत्रं लिहिणं. कॉमेडी या उरलेल्या वेळात आहे. मूळ कादंबरी १९६८ ची आणि लिहिणारा माणूस स्वतः कोरियात काम केलेला सर्जन. रिचर्ड हूकर हे त्याचं टोपणनाव. १९७० मध्ये त्यावर सिनेमा निघाला, मग मालिका. मालिका आली तेव्हा व्हिएतनामचं युद्ध संपलेलं नव्हतं. त्यामुळे तंबू कोरियातले असले, तरी घरी बसलेल्या प्रेक्षकांच्या डोक्यात कुठलं युद्ध असेल, हे वेगळं सांगायला नको.

लहानांना दाखवावी का, असं विचारलं की पहिली तक्रार ठरलेली: त्यात रक्त आहे, मरण आहे. नंदुरबारमध्ये राहून ही तक्रार मला पटत नाही. ९ सप्टेंबर १९४२ ला आपल्या गावात तिरंगा घेऊन निघालेल्या मिरवणुकीवर गोळीबार झाला. शिरीषकुमार मेहता गेला, तेव्हा तो पंधरा वर्षांचा होता. त्याच्याबरोबर लालदास, धनसुखलाल, शशिधर आणि घनश्यामदासही गेले. ही गोष्ट तुम्ही कितवीत ऐकली, आठवा. पहिली-दुसरीत ऐकली असेल. स्मारकावर फुलं वाहायला रांगेत गेला असाल. म्हणजे गोळी लागून मुलगा मरतो हे आपण लहानांपासून लपवत नाही, उलट दरवर्षी सांगतो. आणि ते बरोबरच आहे.

मग अडतं कुठं? मला विचाराल तर हसण्यापाशी. शिरीषकुमारची गोष्ट ऐकताना कुणी हसत नाही. ‘मॅश’मध्ये मरण आणि विनोद एकाच वीस-पंचवीस मिनिटांत येतात. कशावर हसायचं आणि कुठं थांबायचं, हे बारा-तेरा वर्षांच्या मुलाला कळेल का?

पहिल्याच सीझनमधला एक भाग घ्या. एक कोवळा पोरगा वय लपवून सैन्यात आलाय, का तर प्रेयसीसमोर शान मारायला. हॉकायला खरं वय कळतं, पण तो बोलत नाही. त्याच भागात हॉकायचा जुना मित्र येतो. युद्धावर पुस्तक लिहायचं म्हणून तो सैनिकांबरोबर फिरतोय. दोघांची धमाल चालते. पुढे तो मित्र जखमी होऊन येतो आणि हॉकायच्याच टेबलावर मरतो. हॉकाय रडतो, आणि त्यानंतर त्या पोराचं गुपित फोडून त्याला घरी पाठवायची सोय करतो. पोरगा त्याच्यावर भयंकर चिडतो. चिडेनाच का, निदान जिवंत तर राहील. आपल्या स्मारकातल्या मुलाच्याच वयाची ही गोष्ट आहे, फक्त उलट्या बाजूने सांगितलेली: मोठ्या माणसाने पोराला वेळेत मागे ओढलं तर काय होतं? दोन्ही गोष्टी एकाच मुलाला कळायला हव्यात असं मला वाटतं. १९४२ च्या मुलांना काय हवंय ते ठाऊक होतं. मालिकेतल्या पोराला माहीत नव्हतं. हा फरक नववीतला मुलगा तुमच्या-माझ्यापेक्षा लवकर पकडेल.

आता हशाकडे येऊ. त्या काळातल्या बऱ्याच विनोदी मालिकांमध्ये मागून रेकॉर्ड केलेला हशा वाजायचा. सीबीएस वाहिनीने इथंही तो हवाच म्हणून हट्ट धरला. निर्मात्यांना तो नको होता. शेवटी तडजोड झाली: ऑपरेशनच्या दृश्यांत हशा वाजणार नाही. तंबूत विनोद झाला की खदखदून हशा, आणि टेबलापाशी तोच माणूस तसाच विनोद करतो तेव्हा शांतता. एकदा हे लक्षात आलं की बघायची पद्धतच बदलते. विनोद तोच असतो, पण तिथं तो हसवायला केलेला नसतो. हात थरथरू नयेत म्हणून केलेला असतो. ब्रिटनमध्ये बीबीसीने मालिका दाखवताना हशा काढूनच टाकला होता. डीव्हीडीवरही तो बंद करायची सोय होती. भावंडांसोबत बघणार असाल आणि सोय असेल, तर बंदच करा. कुठं हसायचं ते त्यांचं त्यांना ठरवू द्या.

आणि १८ मार्च १९७५ चा तो भाग. कर्नल हेन्री ब्लेक, सगळ्यांचा लाडका, थोडा वेंधळा साहेब. त्याची बदली संपते, निरोप होतो, तो घरी निघतो. मग शेवटच्या दृश्यात क्लार्क रडार ऑपरेशन थिएटरमध्ये येऊन निरोप वाचतो: विमान जपानच्या समुद्रावर पाडलं गेलं, कुणीही वाचलं नाही. नटांनाही हे पान अगदी शेवटच्या क्षणापर्यंत दिलेलं नव्हतं. प्रेक्षकांनी वाहिनीकडे संतापून पत्रं लिहिली. विनोदी मालिकेत लाडका माणूस मारायचा नसतो, हा तोवरचा नियम होता ना!

हे झालं कौतुक. मला खरी अडचण वेगळ्याच ठिकाणी वाटते. पहिल्या दोन-तीन सीझनमध्ये नर्स म्हणजे पाठलाग करायची वस्तू आहे. मुख्य परिचारिका मार्गारेटला (लॉरेटा स्विट) सगळं इस्पितळ एका अचकट टोपणनावाने हाक मारतं आणि मागून हशा वाजतो. माझी एक मैत्रीण जीएनएम करतेय. नंदुरबार, शहादा, तळोद्याच्या कितीतरी मुली करतात. तिने तीन भाग बघून मोबाइल बाजूला ठेवला. वॉर्डात ड्युटीवर पेशंटचे नातेवाईक हेच बोलतात, ते घरी येऊन परत कशाला ऐकू, असं तिचं म्हणणं. यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. ‘तो काळच तसा होता’ हे उत्तर मला पळवाट वाटते. काळ तसा होता, पण वॉर्ड आजही तसाच आहे.

म्हणून मी तिला पाचव्या सीझनमधला, १९७६ चा ‘द नर्सेस’ हा भाग पाठवला. एका लेखिकेने लिहिलेला. कडक शिस्तीची मार्गारेट आपल्या हाताखालच्या नर्सेससमोर अचानक फुटते: तुम्ही मला कधी आपल्यात बसवलं नाही, साधी कॉफीसुद्धा विचारली नाही. तिथून पुढे ते टोपणनाव मागे पडत जातं आणि मार्गारेट माणूस होत जाते. मैत्रिणीने भाग बघितला. ‘बरा होता’ इतकंच म्हणाली, पण पुढचे मागून घेतले.

बाकीचे दोष पटकन सांगते. पहिल्या सीझनमधल्या कृष्णवर्णीय डॉक्टरचं टोपणनाव सरळसरळ वंशद्वेषी आहे. क्लिंगर वेडा ठरून घरी जाता यावं म्हणून बायकी कपडे घालतो, ते सुरुवातीला नुसतं खिल्लीसाठी. आणि ज्यांच्या देशात युद्ध चाललंय ती कोरियन माणसं बहुतेक वेळा कडेला उभी.

त्या कडेला आपलीही माणसं होती, हे मात्र मालिका बघून तुम्हाला कळणार नाही. भारताने कोरियात लढायला सैन्य पाठवलं नाही, डॉक्टर पाठवले. लेफ्टनंट कर्नल ए. जी. रंगराज यांची ६० पॅराशूट फील्ड अ‍ॅम्ब्युलन्स नोव्हेंबर १९५० मध्ये तिथं पोहोचली. मार्च १९५१ मध्ये त्यातल्या काही जणांनी अमेरिकन सैनिकांबरोबर पॅराशूटने उड्या घेतल्या. रंगराज यांना महावीर चक्र मिळालं. युद्ध थांबल्यावर घरी परतायला नकार देणाऱ्या युद्धकैद्यांना सांभाळायला जी भारतीय फौज गेली, तिचे प्रमुख होते मेजर जनरल एस. पी. पी. थोरात, आपले कोल्हापूरकडचे. त्याआधी सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस १९३८ मध्ये चीनला गेले, युद्धात जखमींवर उपचार करत राहिले आणि १९४२ मध्ये बत्तिसाव्या वर्षी तिथंच वारले. व्ही. शांतारामांनी त्यांच्यावर १९४६ मध्ये सिनेमा काढला. त्यात हुंदके भरपूर आहेत. थकलेला डॉक्टर विनोद कसा करतो, हे दाखवायची आपल्याला सवय नाही.

आणि थकलेले डॉक्टर आपल्या जिल्ह्याला नवे नाहीत. धडगाव-अक्कलकुव्याच्या पाड्यांवरून आजही पेशंट बांबूच्या झोळीतून खाली आणतात. नर्मदेकाठच्या गावांना दवाखाना बोटीतून जातो. तिथं काम करणारं कुणी तुमच्या ओळखीचं असेल तर त्यांच्याबरोबर एखादा भाग बघा. कुठल्या विनोदाला ते हसतात आणि कुठल्या विनोदाला गप्प बसतात, ते बघण्यासारखं असेल.

तर माझा हिशोब असा: आठवीच्या पुढच्यांना चालेल, पण त्यांना एकट्याला नको, शेजारी तुम्ही बसा. पहिल्या भागापासून सुरुवात करू नका, चौथ्या सीझनपासून करा. इंग्रजी भराभर बोलतात, सबटायटल्स लावा. आणि चौथ्या सीझनचाच शेवटचा ‘द इंटरव्ह्यू’ हा भाग चुकवू नका. कृष्णधवल आहे आणि हशा अजिबात नाही. एक पत्रकार येतो आणि एकेकाला कॅमेऱ्यासमोर बसवून प्रश्न विचारतो, बस्स. पत्रकारिता शिकणाऱ्यांनी तर दोनदा बघा. त्यात फादर मल्काही थंडीतल्या ऑपरेशनबद्दल सांगतात: शरीर उघडलं की आतून वाफ येते, आणि डॉक्टर त्या वाफेवर हात शेकतात. पत्रकार यावर पुढचा प्रश्न विचारत नाही.