परवान्यावरील चेहरे, उत्सवातील चेहरे

परदेशातील माणसे आणि उत्सव टिपण्यासाठी कॅमेरा खांद्यावर टाकून निघणाऱ्या हौशी मंडळींची संख्या नवी मुंबईतील वाशी, नेरुळ, बेलापूरच्या वसाहतींत आता थोडीथोडकी राहिलेली नाही. परंतु त्यांपैकी जे मॉरिशसला जातात ते बहुधा निळ्या समुद्राची आणि पांढऱ्या वाळूची चित्रे घेऊन परततात, आणि रत्नागिरी-साताऱ्याकडून गेलेल्या मजुरांचे वंशज ज्या बेटावर आजही भक्तिभावाने गणपती बसवितात, त्या बेटाचे खरे दर्शन त्यांच्या हातून निसटते, याची मला मनापासून खंत वाटते. मराठी छायाचित्रकाराने परदेशातील उत्सवांच्या अभ्यासाला आरंभ करावा, असे याहून योग्य स्थळ मला दिसत नाही. मात्र तेथे जाण्यापूर्वी कॅमेऱ्याने या लोकांशी पूर्वी कसा व्यवहार केला, हे ठाऊक असणे अगत्याचे आहे.

२ नोव्हेंबर १८३४ हा दिवस मॉरिशसमध्ये गिरमिटिया, म्हणजे करारबद्ध, मजुरांच्या आगमनाचा दिवस म्हणून पाळला जातो. त्यानंतरच्या सुमारे पाऊणशे वर्षांत साडेचार लाखांच्या आसपास हिंदी माणसे उसाच्या मळ्यांत राबण्यासाठी त्या बेटावर उतरली. बहुसंख्य कलकत्त्याहून, काही मद्रासहून, आणि त्याहून थोडी मुंबई बंदरातून. करार संपला तरी माणूस मोकळा होत नसे. १८६७ च्या कायद्याने मुदत संपलेल्या प्रत्येक मजुरावर आपले छायाचित्र चिकटविलेला परवाना सदैव जवळ बाळगण्याची सक्ती झाली, आणि रस्त्यात शिपायाने हटकल्यावर तो दाखविता आला नाही, तर कोठडी ठरलेली असे. ज्या काळी आपल्याकडे छायाचित्र हे संस्थानिकांच्या आणि धनिकांच्या दिवाणखान्याचे भूषण होते, त्याच काळी मळ्यातल्या मजुराला कॅमेऱ्यासमोर उभे केले गेले ते त्याची ओळख सरकारच्या हाती राहावी म्हणून. नाव, क्रमांक आणि चेहरा, एवढ्यात त्याचे सारे अस्तित्व त्या कागदावर आटोपलेले असे. या जाचाविरुद्ध आदॉल्फ द प्लेवित्झ या मळेवाल्याच्या पुढाकाराने १८७१ साली ९,४०१ मजुरांनी अर्ज केला, आणि त्याची दखल घेऊन इंग्लंडच्या सरकारला चौकशी आयोग नेमावा लागला.

या इतिहासाच्या पार्श्वभूमीवर तेथील गणेशोत्सवाकडे पाहिले म्हणजे त्याचे मोल ध्यानात येते. भिवाजी कुटुंबाने १८९६ साली त्याचा आरंभ केला असे सांगतात, आणि आज त्या निमित्ताने साऱ्या देशाला सार्वजनिक सुटी असते. जाणाऱ्याने एक गोष्ट आधीच टिपून ठेवावी: ही सुटी गेली काही वर्षे आपल्याकडील चतुर्थीच्या दुसऱ्या दिवशी येत आहे, म्हणजे कोकणातल्या दीड दिवसाच्या गणपतीप्रमाणे विसर्जनाच्या दिवशी, तेव्हा आपले पंचांग पाहून त्याच दिवशी विमानातून उतरणाऱ्याच्या पदरी उत्सवाचा उत्तरार्धच पडायचा. केळीच्या पानावर सात भाज्यांचे जेवण होते, मूर्ती नदीकडे किंवा समुद्राकडे निघते, आणि वाटेत झाकरी नाचली जाते. ही झाकरी आपल्या रत्नागिरीकडील जाखडीचीच लेक होय. जाखडीत गाणारे आणि मृदंगवाला मध्ये बसतात, आणि पायात चाळ बांधलेले नाचणारे त्यांच्याभोवती फेर धरतात. चांगल्या चित्राच्या मोहाने जो त्या फेरात घुसतो तो फेरही मोडतो आणि चित्रही गमावतो, कारण पाहण्याजोगे जे असते ते पावलांच्या एकत्र पडण्यात असते, आणि ते जमिनीलगत बसून बाहेरूनच दिसते.

तेथील तरुण मुले आपसांत क्रिओल बोलतात. मराठी त्यांच्याकडे आली आहे ती शाळेतून आणि आरतीतून. भाषेच्या या अंतराने संकोचून दुरूनच भिंगाने चेहरे ओढून घेण्याचा मोह होतो, आणि नेमका तोच टाळावा. घरातल्या वडीलधाऱ्या व्यक्तीला आधी नमस्कार करावा, आपण कुठून आलो ते सांगावे, प्रसाद घ्यावा, आणि अनुज्ञा मिळाल्यावरच कॅमेरा बाहेर काढावा. या शिस्तीचा सराव परदेशी जाऊन करण्याची गरज नाही. दिवाळे, सारसोळे, बेलापूरच्या कोळीवाड्यांत नारळी पौर्णिमा दरसाल होते, आणि ज्यांच्या पंचक्रोशीच्या जमिनी १९७० नंतर शहरासाठी संपादित झाल्या, त्या आगरी-कोळी माणसांना सरकारी मोजणीचा आणि परक्या नजरेचा पुरेपूर परिचय आहे. सोन्याने मढलेल्या कोळणीचे चित्र तिला न विचारता काढून चालते होणाऱ्यांची तेथे वाण नाही. मला तो उद्धटपणाच वाटतो.

मॉरिशसमध्ये मोका येथील महात्मा गांधी संस्थेत गिरमिटियांचे ते जुने दफ्तर जपून ठेवले आहे, आणि आपल्या पणजोबांच्या नोंदीची नक्कल, क्वचित त्यांचे छायाचित्रही, मिळावे म्हणून त्यांचे वंशज आज तेथे अर्ज करतात. तेव्हा यंदा चतुर्थीला त्या बेटावर जाणाऱ्या छायाचित्रकारांना एवढीच विनंती आहे, की ज्या घरी चित्र काढाल त्या घरचा पत्ता लिहून घ्या, आणि परतल्यावर पहिली प्रत कागदावर छापून त्या घरी धाडा.