मुलगा वाईट संगतीत आहे? फोन तपासण्याआधी नातं तपासा

मुलगा उशिरा घरी येऊ लागला, शाळा बुडवू लागला, की घरात एकच वाक्य ऐकू येतं, ‘याला वाईट संगत लागली.’ मग फोन तपासला जातो, बाहेर जाणं बंद होतं. पण त्याच गल्लीतली, त्याच वर्गातली दुसरी मुलं का बिघडत नाहीत?

मनात आई-बाबा आहेत का?

अमेरिकी समाजशास्त्रज्ञ ट्रॅव्हिस हिर्शी यांनी कॅलिफोर्नियातील शाळकरी मुलांचा अभ्यास करून १९६९ मध्ये पुस्तक लिहिलं. आई-वडिलांशी घट्ट नातं असलेली मुलं गुन्ह्यांकडे कमी वळतात, असं त्यांना आढळलं. मूल चुकीचं पाऊल उचलतं तेव्हा पालक सहसा जवळ नसतात. त्या क्षणी ‘आईला कळलं तर तिला काय वाटेल?’ हा विचार मनात आला, तर पाऊल थबकतं. हा विचार धाकातून नाही, रोजच्या गप्पांतून रुजतो.

घराबाहेरचा आधार

प्रत्येक घरात असा निवांतपणा नसतो. अशा वेळी बाहेरचं एखादं माणूसही पुरतं. नागपुरात २००१ मध्ये क्रीडाशिक्षक विजय बारसे यांना झोपडपट्टीतली मुलं भर पावसात तुटकी बादली लाथाडत खेळताना दिसली. त्यांनी मुलांना फुटबॉल दिला, स्पर्धा भरवल्या. त्यातूनच ‘स्लम सॉकर’ उभी राहिली. नागराज मंजुळे यांचा ‘झुंड’ (२०२२) याच कामावर बेतलेला आहे. मित्र तेच राहिले तरी मैदानावर आपली वाट पाहणारं कुणीतरी आहे, ही जाणीव मुलाला सावरते.

तुम्ही काय कराल?

- मित्रांना नावं ठेवण्याऐवजी त्यांना घरी जेवायला बोलवा. नावं ठेवलीत, तर मूल तुमच्यापासूनच लपवू लागेल.
- रोज १० मिनिटं अभ्यास आणि मार्क सोडून बोला.
- तुमच्याशी बोलत नसेल, तर मामा, आत्या किंवा आवडत्या शिक्षकांची मदत घ्या.
- चूक झाली तरी ‘चोर’, ‘गुंड’ असा शिक्का मारू नका. २०१५ चा बाल न्याय कायदाही १८ वर्षांखालील मुलाला गुन्हेगार म्हणत नाही, ‘विधिसंघर्षग्रस्त बालक’ म्हणतो.
- मूल संकटात असेल, तर १०९८ या चाइल्ड हेल्पलाइनवर फोन करा.

संगत बदलायला वेळ लागतो. तोवर घराचं दार आणि बोलणं, दोन्ही उघडं ठेवा.