लातूर ते नांदेड विमानाने 40 मिनिटं? हा आकडा येतो कुठून

आजचा भाग छोटा आहे, पण लातूर, अहमदपूर, उदगीरकडच्या लोकांच्या खूप कामाचा.

गूगलवर 'लातूर एअरपोर्ट ते नांदेड एअरपोर्ट' टाकून बघा. कुठली तरी साइट सांगते: अंतर सव्वाशे किलोमीटर, फ्लाइट टाइम 40 मिनिटं. वाचून वाटतं, अरे वा, चहा संपायच्या आत नांदेड! पण थांबा. लातूर–नांदेड असं नियमित प्रवासी विमानच नाही. मग हा आकडा आला कुठून?

मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे, त्यामुळे यामागचा कोड कसा असतो ते सांगतो. साइटकडे दोन्ही विमानतळांचे अक्षांश-रेखांश असतात. अक्षांशांत फरक 0.77 अंश. एक अंश म्हणजे 111 किलोमीटर, म्हणजे झाले 86. रेखांशांत फरक 0.85 अंश. आपल्या भागात रेखांशाचा एक अंश भरतो साधारण 105 किलोमीटर, म्हणजे झाले 89. आता दहावीचा पायथागोरस लावा: उत्तर 124 किलोमीटर. साइटवाले पृथ्वीचा गोलावा धरून जरा मोठं सूत्र वापरतात, पण एवढ्या कमी अंतरात फरक नगण्य.

वेळेचं गणित तर आणखी सोपं. अंतर भागिले ताशी 800 किलोमीटर, म्हणजे 9–10 मिनिटं. त्यात टेकऑफ-लँडिंगचा ठोक अर्धा तास मिळवला, झाली 40 मिनिटं. यात टाइमटेबल कुठेच नाही. विमान आहे की नाही, हे तो कोड तपासतच नाही.

बरं, समजा विमान सुरू झालंच. लातूरचा विमानतळ शहराबाहेर बारा-एक किलोमीटरवर, तिथे पोचायला अर्धा तास. चेक-इन, सिक्युरिटीला दीड तास. प्रवास 40 मिनिटं. उतरून, बॅग घेऊन नांदेडमध्ये घरी जायला आणखी 40. बेरीज: 3 तास 20 मिनिटं. आणि चाकूर, अहमदपूर, लोहा करत गाडीने? साधारण तीन तास! रेल्वे मात्र परळी, परभणी, पूर्णा असा मोठा वळसा घालते.

म्हणूनच विमान लांबच्या शहरांसाठी परवडतं. 27 एप्रिल 2017 ला उडान योजना सुरू झाली, तेव्हा पहिल्या फेऱ्यांत नांदेड–हैदराबाद होती.

आता कामाची गोष्ट. लातूरहून निघून नांदेडचं दुपारी 2 चं विमान पकडायचंय? उलटं मोजा. काउंटर साधारण तासभर आधी, म्हणजे 1 ला बंद होतो. तुम्ही 12 ला पोचायला हवं. रस्ता तीन तास, वर अर्धा तास राखीव. म्हणजे घरातून सकाळी साडेआठला निघा. '40 मिनिटं' वाचून बाराला निघालात, तर तिकिटाचे पैसे गेलेच म्हणून समजा.

हा भाग घरच्या ग्रुपवर टाका. भेटू पुढच्या भागात!