उसातले पिल्लू : उचलावे की आईसाठी ठेवावे?

दिवाळीच्या सुमारास जुन्नर आणि आंबेगाव तालुक्यांत ऊसतोडीचा हंगाम सुरू होतो. बीड, जालना, अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर) अशा जिल्ह्यांतून तोडणी कामगार येतात. शेतांच्या कडेला त्यांच्या कोप्या उभ्या राहतात. फड मोकळा होऊ लागतो आणि मग कुठल्या तरी शेतात, पाचटावर, मांजराएवढी दोन-तीन पिल्ले सापडतात. ही बिबट्याची पिल्ले, म्हणजे बछडे. दर हंगामात असे घडते.

बातमी पसरते, गर्दी जमते. ‘आईने टाकून दिली वाटते,’ असे कोणी म्हणते. कोणी बछडा उराशी धरतो, कोणी गाईचे दूध आणतो. हेतू चांगलाच असतो. पण एवढ्याने पिल्लू वाचते का? वाचले, तर पुढे त्याचे काय होते? या प्रश्नांची उत्तरे जीवशास्त्रात आहेत आणि ती वर्गात शिकवण्याजोगी आहेत. त्यासाठी आपण आधी एक सोपे उदाहरण घेऊ. ते आहे बदकाच्या अशक्त पिल्लाचे.

आधी ऊब, मग अन्न

समजा, एखाद्याच्या घरी पाळलेल्या बदकाची अंडी उबली. चार पिल्ले आईमागे चालू लागली, पाचवे मात्र मान टाकून पडले आहे. आपण काय करू? बहुतेक जण त्याच्या चोचीत काहीतरी भरवू लागतील. इथेच चूक होते. गार पडलेल्या पिल्लाची गिळण्याची आणि पचवण्याची क्रिया मंदावलेली असते. जबरदस्तीने पाजलेले पाणी श्वासनलिकेत जाऊ शकते.

पिल्लू गार का पडते, हे समजायला थोडे गणित पुरते. एक सेंटिमीटर बाजूच्या घनाचे पृष्ठफळ ६ चौरस सेंटिमीटर आणि घनफळ १ घन सेंटिमीटर असते. दहा सेंटिमीटर बाजूच्या घनासाठी हेच आकडे ६०० आणि १००० होतात. म्हणजे दर घन सेंटिमीटरमागे लहान घनाला ६ चौरस सेंटिमीटर पृष्ठभाग मिळतो, मोठ्याला फक्त ०.६. उष्णता तयार होते शरीराच्या आत आणि निसटते पृष्ठभागावरून. साहजिकच लहान शरीर लवकर थंड होते. चाळीस-पन्नास ग्रॅमच्या पिल्लाला आपली ऊब एकट्याने टिकवणे अवघड जाते. भावंडांना बिलगून, आईच्या पंखाखाली शिरून ते ही अडचण सोडवते.

म्हणून पहिले काम ऊब देण्याचे. पुठ्ठ्याच्या खोक्याच्या एका बाजूला दिवा लावावा, दुसरी बाजू गार ठेवावी. पिल्लाला हवे तिकडे सरकता आले पाहिजे. पहिल्या आठवड्यात दिव्याखाली सुमारे ३२ ते ३५ अंश सेल्सियस तापमान लागते, पुढे ते हळूहळू कमी करायचे. पिल्लू सावध झाले, की चोचीच्या कडेला कोमट पाण्याचा थेंब लावावा. ते स्वतःच पिऊ लागते. घाई करण्याचे कारण नसते, कारण अंड्यातल्या बलकाचा उरलेला भाग त्याच्या पोटात असतो आणि पहिला दिवसभर तरी तो पुरतो. कोंबडीच्या पिल्लांचे खाद्य चालते, पण बदकाच्या पिल्लांना नियासिन हे जीवनसत्त्व जास्त लागते. ते कमी पडले तर पाय वाकतात. पिण्याचे पाणी चोच नाकपुड्यांपर्यंत बुडेल इतके खोल असावे. पोहायला मात्र लगेच सोडू नये, कारण अशक्त पिल्लू भिजले की पुन्हा गारठते.

एवढे केले तर अशक्त पिल्लू वाचण्याची बरीच शक्यता असते. पण आईविना एकटेच वाढवले, तर त्यातून आणखी एक गोष्ट घडते. ते आपल्या मागे मागे चालू लागते.

आई कोण, हे कसे ठरते?

अंड्यातून बाहेर आल्यावर थोड्याच काळात समोर जे हलते, आवाज करते, त्याच्यामागे जायचे, अशी बदके, हंस, कोंबड्या यांच्या पिल्लांची जन्मजात प्रवृत्ती असते. डग्लस स्पॉल्डिंग यांनी १८७३ मध्ये कोंबडीच्या पिल्लांबाबत याची नोंद केली होती. ऑस्ट्रियाचे कोनराड लोरेन्झ यांनी हंस आणि बदके यांच्यावर केलेले काम १९३५ मध्ये प्रसिद्ध झाले आणि ही घटना सर्वांना माहीत झाली. लोरेन्झ यांना १९७३ मध्ये नोबेल पारितोषिकही मिळाले. या घटनेला आपण ‘ठसा उमटणे’ म्हणू. एकहार्ड हेस यांच्या प्रयोगांत बदकाच्या पिल्लांवर हा ठसा सर्वांत पक्का उमटला तो जन्मानंतर १३ ते १६ तासांच्या दरम्यान. काळ किती थोडा, आणि परिणाम किती दूरवरचा!

घरच्या बदकाच्या बाबतीत याने फारसे बिघडत नाही, कारण त्याला माणसांतच राहायचे असते. आपल्या तलावांवर वीण करणाऱ्या हळदीकुंकू बदकाचे पिल्लू मात्र असे वाढले, तर पुढे त्याला स्वतःच्या जातभाईंत मिसळणे कठीण जाऊ शकते. शिवाय ते वन्यजीव आहे, कायद्याने ते पाळता येत नाही. म्हणजे शरीर वाचले तरी त्या प्राण्याचे जगणे वाचलेच असे नाही. उसातल्या पिल्लाकडे जाताना हा मुद्दा आपल्याला बरोबर न्यायचा आहे.

दोन तऱ्हांची पिल्ले

बदकाचे पिल्लू जन्मतःच डोळे उघडे असलेले, अंगावर मऊ लव असलेले आणि चालणारे असते. आई त्याला भरवत नाही, ते स्वतः टिपून खाते. कोंबडीचे पिल्लू आणि गाईचे वासरू याच गटात बसतात. वासरू दूध पिते, पण तासा-दोन तासांत उभे राहते. या पिल्लांना आपण ‘स्वावलंबी’ म्हणू. याउलट कबुतराचे, कुत्र्याचे, मांजराचे पिल्लू जन्मतः आंधळे आणि हतबल असते. ही ‘परावलंबी’ पिल्ले.

बिबट्याचा बछडा परावलंबी गटातला. मादी सुमारे तीन महिन्यांच्या गर्भावधीनंतर बहुधा दोन किंवा तीन पिल्लांना जन्म देते. जन्मतः वजन जेमतेम अर्धा किलो आणि डोळे मिटलेले. ते साधारण दहा दिवसांनी उघडतात. पहिल्या दिवसांत तर लघवी आणि शी होण्यासाठीसुद्धा आईला पिल्लाचे अंग चाटावे लागते. आईच्या दुधातून त्याला रोगप्रतिकारक द्रव्ये मिळतात.

वाटीभर गाईचे दूध या दुधाची जागा घेऊ शकत नाही. मांजरकुळातल्या प्राण्यांच्या दुधात गाईच्या दुधाच्या दुपटीच्या आसपास प्रथिने असतात. या प्राण्यांना टॉरिन नावाचे द्रव्य अन्नातूनच मिळावे लागते आणि गाईच्या दुधात ते फार थोडे असते. वर, आडवे धरून दूध पाजले तर ते फुप्फुसात जाण्याचा धोका वेगळाच.

शिकण्याचा भाग याहून मोठा आहे. साधारण तीन महिन्यांनी दूध सुटू लागते, पण पिल्ले आईबरोबर दीड ते दोन वर्षे राहतात. दबा कसा धरायचा, भक्ष्याचा गळा कसा पकडायचा, कोणापासून लांब राहायचे, हे सारे या काळात पक्के होते. ‘कोणापासून लांब’ यात माणूसही आला. बदकाच्या पिल्लाचा ठसा काही तासांत उमटतो, तर बछड्याचे शिक्षण दोन वर्षे चालते. खोक्यातल्या दिव्याने पहिल्याची बरीचशी सोय होते. दुसऱ्याची होत नाही.

आई गेली कुठे?

आता शेतातल्या त्या पिल्लांकडे जाऊ. आईने त्यांना टाकलेले नसते. शिकारीला जाताना ती पिल्ले लपवून जाते आणि दिवसा माणसांची वर्दळ असली तर जवळपास दडून राहते.

ऊस ही तिची लपण्याची जागा का झाली? कुकडी प्रकल्पाची येडगाव, माणिकडोह, वडज, पिंपळगाव जोगे आणि डिंभे ही धरणे झाली, कालवे आले आणि त्यांच्यामागून ऊस आला. जुन्नरचा विघ्नहर आणि आंबेगावचा भीमाशंकर हे साखर कारखाने याच उसावर चालतात. आडसाली ऊस १६ ते १८ महिने शेतात उभा असतो. दाट आडोसा, शेजारी पाणी, आत माणसाचा वावर थोडा आणि वस्तीजवळ कुत्री, शेळ्या, डुकरे असे खाद्य, हे सारे तिथे एकत्र मिळते. शेजारच्या अकोले तालुक्यात विद्या अत्रेय आणि सहकाऱ्यांनी अभ्यास केला. तिथल्या बिबट्यांच्या आहारात सर्वांत मोठा वाटा कुत्र्यांचा निघाला. उसातली मादी जंगलातून वाट चुकून आलेली नाही. कित्येकदा तीसुद्धा उसातच जन्मलेली असते.

आई-पिल्लांची भेट

या भागात वन विभाग आणि माणिकडोह येथील बिबट निवारा केंद्रातले पशुवैद्य अशा बछड्यांची आईशी पुन्हा गाठ घालून देतात. केंद्राच्या कामात वाइल्डलाइफ एसओएस ही संस्था वन विभागाबरोबर आहे. पिल्लू सापडल्याची खबर येताच पथक येते. जखम आहे का, अंगातले पाणी कमी झाले आहे का, गोचिडी आहेत का, हे पशुवैद्य तपासतात. नर-मादी पाहून नोंद करतात. पुढे ओळख पटावी म्हणून कातडीखाली तांदळाच्या दाण्याएवढी सूक्ष्मपट्टी बसवतात. मग अंधार पडण्याच्या सुमारास, पिल्ले जिथे सापडली तिथेच ती एका पेटीत किंवा क्रेटमध्ये ठेवतात, स्वयंचलित कॅमेरे लावतात आणि सर्वांना दूर नेतात.

रात्री मादी येते. वास घेते, पेटीतून एकेक पिल्लू मानेच्या कातडीला धरून उचलते आणि उसात नाहीशी होते. मानेला धरले, की पिल्लू अंग सैल सोडून गप्प राहते. एका रात्री ती आली नाही, तर पिल्लांना पुन्हा ऊब आणि अन्न देऊन दुसऱ्या रात्री प्रयत्न करतात.

या कॅमेऱ्यांनी एक जुना समज खोटा ठरवला आहे. माणसाचा हात लागला की आई पिल्लाला जवळ घेत नाही, असे आपण ऐकत आलो. पण पशुवैद्यांनी हाताळून तपासलेली पिल्लेही माद्या घेऊन गेल्या आहेत. आईला अडवते ती गर्दी, बॅटरीचे झोत आणि आरडाओरडा.

वाढवून जंगलात सोडले तर?

हा प्रश्न विद्यार्थी हमखास विचारतात. हाताने वाढलेल्या बिबट्याला शिकारीचे शिक्षण नसते आणि माणसाची भीतीही नसते. पन्नास-साठ किलोचा असा प्राणी मोकळा सोडणे त्याच्या आणि आपल्या, दोघांच्याही जिवावर बेतणारे आहे. त्यामुळे आईशी गाठ न पडलेल्या पिल्लाचे आयुष्य बहुधा पिंजऱ्यात जाते. बंदिवासात बिबट्या वीस वर्षांपर्यंत जगू शकतो.

रानातच वाढलेल्या बिबट्यांना उचलून दुसरीकडे सोडण्याचा अनुभवही या तालुक्यांकडे आहे. २००१ नंतर जुन्नर वनविभागात पकडलेले बिबटे दूरच्या जंगलांत सोडण्याची मोठी मोहीम झाली. अत्रेय आणि सहकाऱ्यांनी २०११ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार, मोहिमेपूर्वी माणसांवरील हल्ले वर्षाला सरासरी ४ होते, मोहिमेनंतर ते १७ झाले.

माणसांची बाजू

इथे एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. बिबट्याने या तालुक्यांत माणसे मारली आहेत, त्यांत लहान मुलेही आहेत. ज्या घरातले मूल गेले त्या घरापुढे ‘सहजीवन’ हा शब्द उच्चारणे सोपे नाही. आई-पिल्लांची भेट घडवणे म्हणजे हा धोका नाकारणे नव्हे. पिल्ले हरवलेली मादी त्याच परिसरात त्यांना शोधत फिरते आणि तिथेच तोडणी कामगारांची मुले कोपीत निजलेली असतात. म्हणून पिल्ले घरी नेणे हे त्या मुलांसाठीही धोक्याचे आहे.

पिल्लू दिसले तर काय करावे, हे विद्यार्थ्यांकडून पाठच करून घ्यावे. त्याला हात लावू नये, छायाचित्रासाठी उचलू नये. त्या भागातली तोड थांबवून सर्वांनी एकत्र मागे यावे. मुलांना मोठ्यांच्या मध्ये ठेवावे. जागेची खूण लक्षात ठेवून वन विभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवावे. अंधारात एकट्याने बाहेर जाऊ नये आणि मुलांना फडाच्या कडेला एकटे सोडू नये.

वर्गात करून पाहा

शंभर मिलिलिटरची आणि एक लिटरची अशा एकाच तऱ्हेच्या दोन बाटल्या घ्या. दोन्हींत सारखेच कोमट पाणी भरा आणि दर पाच मिनिटांनी तापमान नोंदवून आलेख काढा. मग तीन लहान बाटल्या एकमेकींना चिकटवून ठेवा, एक सुटी ठेवा आणि फरक पाहा. भावंडांना बिलगून झोपण्याचा अर्थ आलेखातून दिसेल. याशिवाय गावातल्या दहा प्राण्यांची पिल्ले स्वावलंबी की परावलंबी, याचा तक्ता मुलांना करू द्या. खारीचे, चिमणीचे, टिटवीचे, शेळीचे पिल्लू त्यात असावे. प्रत्येकापुढे एक प्रश्न लिहायला सांगा : हे एकटे सापडले, तर त्याची आई कुठे असेल? उसाच्या पट्ट्यातल्या शाळांनी हा तक्ता गळीत हंगाम सुरू होण्याआधी करावा आणि तोडणी कामगारांची जी मुले वर्गात येतील त्यांनाही त्यात सामील करून घ्यावे. पिल्लू सर्वांत आधी दिसण्याची शक्यता त्यांनाच असते.