जठरातलं प्रथिन, मोहरीच्या कुळातल्या रोपात

पॅथॉलॉजी लॅबच्या रिपोर्टवर ‘व्हिटॅमिन बी-१२’च्या पुढे जो आकडा छापून येतो, तो बहुतेक वेळा माणसाच्या जठरात तयार होणाऱ्या एका प्रथिनाच्या मदतीने काढलेला असतो. या प्रथिनाचं नाव इन्ट्रिन्सिक फॅक्टर. जठराच्या ज्या पेशी आम्ल सोडतात, त्याच हेही सोडतात. त्याचा एक रेणू बी-१२चा एकच रेणू धरतो आणि लहान आतड्याच्या अगदी शेवटच्या भागापर्यंत नेतो. तिथल्या पेशी ही जोडी ओळखतात आणि आत घेतात.

प्रथिन हाती लागण्याच्या कितीतरी आधी त्याचं अस्तित्व सिद्ध झालं, तेही जरा किळसवाण्या प्रयोगातून. १९२०च्या दशकाच्या अखेरीस बोस्टनचे डॉ. विल्यम कॅसल तीनशे ग्रॅम गोमांस खात, तासाभराने ते ओकून काढत आणि तो लगदा पर्निशिअस ॲनिमियाच्या, म्हणजे बी-१२ शोषलं न गेल्याने होणाऱ्या रक्तक्षयाच्या, रुग्णांना नळीने देत. रुग्णांच्या रक्तात नव्या तांबड्या पेशी दिसू लागत. नुसतं मांस दिलं तर काहीच होत नसे. निरोगी जठरात असं काहीतरी आहे जे या रुग्णांच्या जठरात नाही, हा निष्कर्ष कॅसल यांनी काढला. बी-१२ स्वतः मात्र १९४८मध्ये वेगळं काढता आलं.

पुढे प्रयोगशाळांना हे प्रथिन लागायचं तेव्हा ते डुकरांच्या जठरातून काढलं जाई. त्याच्यासोबत दुसरंही एक प्रथिन यायचं, बी-१२शी मिळत्याजुळत्या निरुपयोगी रेणूंनाही चिकटणारं. त्यामुळे बी-१२ कमी असलेल्या रुग्णाचा रिपोर्टही नॉर्मल यायचा. १९७८मध्ये हा घोटाळा उघड झाला, आणि शुद्ध प्रथिनाचा आग्रह सुरू झाला.

मानवी जनुक दुसऱ्या सजीवात घालून प्रथिन बनवून घेणं आता नवलाईचं राहिलेलं नाही. इथे अडचण वेगळीच होती. जिवाणूंना बी-१२ हवंहवंसं असतं आणि ते पकडणारी त्यांची स्वतःची प्रथिनं असतात. प्राण्यांच्या पेशी वाढवायच्या तर बहुधा सीरम घालावं लागतं, आणि त्यातही बी-१२ वाहणारी प्रथिनं आलीच. वनस्पतींना मात्र बी-१२ बनवताही येत नाही आणि लागतही नाही. यीस्टचंही तसंच; त्यातून हे प्रथिन आधी मिळवलं गेलं होतं. २००३मध्ये डेन्मार्कमधल्या संशोधकांनी मानवी जनुक ॲराबिडॉप्सिसमध्ये, म्हणजे मोहरीच्या कुळातल्या एका इवल्याशा रोपात घातलं. त्या रोपातून निघालेलं प्रथिन कोरं होतं. बी-१२ला धरणारं दुसरं काहीच त्याच्यासोबत नव्हतं. शाकाहारी माणसाला ज्यामुळे बी-१२ची चणचण भासते, तोच वनस्पतींचा दुर्गुण इथे कामी आला, याची मला फार गंमत वाटते.

लॅबमधली चाचणी संगीत-खुर्चीसारखी चालते. इन्ट्रिन्सिक फॅक्टरच्या जागा मोजक्याच, आणि त्यांवर रुग्णाच्या रक्तातलं बी-१२ आणि खूण केलेलं बी-१२ दोघंही तुटून पडतात. खूण केलेलं जितकं कमी बसेल, तितकं रुग्णाचं जास्त. पर्निशिअस ॲनिमियाच्या काही रुग्णांच्या रक्तात मात्र नेमक्या याच प्रथिनाविरुद्धच्या प्रतिपिंडांचा सुळसुळाट असतो. हे प्रतिपिंड चाचणीतल्या जागाच अडवून बसले, तर बी-१२ असल्यापेक्षा जास्त दिसतं. ज्याला निदानाची सर्वाधिक गरज, त्याचाच रिपोर्ट फसवा. म्हणून लक्षणं आणि आकडा जुळत नसतील, तर डॉक्टरांनी आकड्यावर थांबू नये.

आपल्याकडे बी-१२ कमी असणं सर्रास आढळतं. पुण्यात डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि सहकाऱ्यांनी मध्यमवयीन पुरुषांत केलेल्या, २००६मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात सुमारे दोन-तृतीयांश जणांचं बी-१२ कमी निघालं. शाकाहार हे त्यामागचं ठळक कारण. पण एखाद्या रुग्णाच्या बाबतीत दोष ताटाचा की जठराचा, हे कसं कळणार? एकदा नुसतं बी-१२ द्यायचं आणि एकदा रोपातल्या प्रथिनाशी जोडलेलं. नुसतं शोषलं गेलं नाही आणि जोडलेलं शोषलं गेलं, तर दोष जठराचा.

मग हे प्रथिन औषध म्हणूनच का देत नाहीत? कारण बी-१२चं इंजेक्शन स्वस्त आहे. शिवाय तोंडाने घेतलेल्या मोठ्या मात्रेपैकी सुमारे एक टक्का प्रथिनाच्या मदतीशिवायही रक्तात शिरतो. हजार मायक्रोग्रॅमच्या गोळीतून साधारण दहा मिळतात, आणि दिवसाची गरज अडीचच्या आसपास आहे.