सात ग्रॅम, अठरा ग्रॅम आणि दळणाची एक खूण

मराठी माणसाची एस्प्रेसोशी पहिली गाठ पडली ती बहुधा लग्नाच्या मांडवात. आइस्क्रीमच्या टेबलाशेजारी चकचकीत स्टीलचं यंत्र, त्याच्या नळीतून दुधात फुसफुसत शिरणारी वाफ, पेल्याच्या तळाशी इन्स्टंट कॉफी आणि साखर, वर भुरभुरवलेली चॉकलेटची पूड. रिसेप्शनमधली सगळ्यात लांब रांग तिथेच लागायची. त्या कॉफीसाठी बिया दळाव्या लागत नसत आणि पूड तोलावी लागत नसे.

आता बऱ्याच घरांत ओट्यावर खरं एस्प्रेसो यंत्र आलंय. भाजल्याची तारीख छापलेली पाकिटं घरपोच येतात, चिकमगळूर आणि कोडगूच्या मळ्यांची नावं लोकांना तोंडपाठ झाली आहेत. पण यंत्रासोबत एक डोकेदुखीही घरात येते. पाकीट तेच, यंत्र तेच; तरी आज शॉट बारा सेकंदांत भसकन खाली येतो आणि आंबट लागतो, उद्या यंत्र घरघरत राहतं नि कपात थेंबथेंब काळा कडू अर्क पडतो. कॉफी किती घ्यायची आणि किती बारीक दळायची, हे दोनच प्रश्न. गेल्या शंभर वर्षांत त्यांची उत्तरं अनेकदा बदलली. ती एकापुढे एक मांडून पाहिली, तर घरी कॉफी करणाऱ्याच्या हाती एक सरळ नियम लागतो: वजन ठरवून टाकावं आणि रोज हलवायचं ते फक्त दळण.

इटलीचे सात ग्रॅम

तुरिनच्या अँजेलो मोरिओंडो यांनी १८८४ मध्ये वाफेच्या बळावर कॉफी करणाऱ्या यंत्राचं पेटंट घेतलं. मिलानच्या लुइजी बेझ्झेरा यांनी १९०१ मध्ये त्यात एकेका कपापुरती कॉफी काढण्याची सोय केली आणि देझिदेरियो पाव्होनी यांनी ते यंत्र बाजारात नेलं. या यंत्रांत दाब वाफेचा, म्हणजे जेमतेम दीड बार. एवढ्या दाबाने पाणी अतिबारीक पुडीतून ढकललं जात नाही, त्यामुळे दळण जाडसरच ठेवावं लागे. आजच्या एस्प्रेसोवर दिसणारा सोनेरी साय-थर, म्हणजे क्रेमा, त्या कॉफीवर नसे.

तो आला आकिले गाज्जा यांच्यामुळे. १९४० च्या दशकाच्या अखेरीस त्यांनी स्प्रिंग आणि दट्ट्याचं तरफेवर चालणारं यंत्र आणलं आणि दाब आठ-नऊ बारपर्यंत गेला. दट्ट्यात मावेल तेवढंच पाणी, म्हणून कपही लहान झाला. १९६१ मध्ये फाएमा कंपनीच्या ई-६१ यंत्राने तरफेच्या जागी विजेचा पंप बसवला. त्या वर्षीच्या सूर्यग्रहणावरून नाव मिळालेल्या या यंत्राचा नऊ बार हा दाब आजही प्रमाण मानला जातो. दाब इतका वाढल्यावर त्याला अडवणारा कॉफीचा थरही तितकाच घट्ट हवा. दळण बारीक झालं ते या गरजेतून.

इटालियन एस्प्रेसोच्या राष्ट्रीय संस्थेने १९९८ नंतर हे सगळं आकड्यांत बांधलं: साधारण ७ ग्रॅम पूड, ९ बार दाब, ८८ अंशांच्या आसपासचं पाणी, २५ सेकंद, २५ मिलिलिटर. हे आकडे ज्या कॉफीसाठी ठरले ती बऱ्यापैकी गडद भाजलेली, बहुधा रोबस्टाचं मिश्रण असलेली आणि बारपाशी उभ्याउभ्या दोन घोटांत संपणारी. त्या परिस्थितीत सात ग्रॅम अगदी योग्य.

सिएटलचे अठरा, ऑरेगनचे पंधरा

एस्प्रेसो अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर पोचली तेव्हा कप मोठा झाला आणि त्यात दूध वाढलं. सात ग्रॅमची चव त्या दुधात बुडून जायची. सिएटलमध्ये १९८८ मध्ये ‘एस्प्रेसो व्हिवाचे’ सुरू करणाऱ्या डेव्हिड शोमर यांच्यासारख्यांनी पाण्याचं तापमान स्थिर ठेवण्यावर भर दिला, आणि त्या पिढीत दुहेरी शॉट हाच मूळ शॉट ठरला. वजन १८ ते २० ग्रॅमवर गेलं. पुढे कपातल्या कॉफीचंही वजन होऊ लागलं, कारण क्रेमाचा फेस मिलिलिटरचा अंदाज चुकवतो. तिथून एक पूड, दोन कॉफी हे प्रमाण रूढ झालं: १८ ग्रॅम आत, ३६ ग्रॅम बाहेर.

मग २०२० मध्ये ‘मॅटर’ या नियतकालिकात एक शोधनिबंध आला. ऑरेगन विद्यापीठातले रसायनशास्त्रज्ञ ख्रिस्तोफर हेंडन, पोर्टस्मथचे गणितज्ञ जेमी फॉस्टर आणि त्यांचे सहकारी यांनी असं दाखवलं, की दळण एका मर्यादेपलीकडे बारीक केलं तर पुडीतून कॉफी जास्त उतरण्याऐवजी कमी उतरते आणि प्रत्येक शॉट वेगळा येतो. पुडीचा काही भाग इतका दाटतो की पाणी तो टाळून दुसरीकडूनच निघून जातं. त्यांचा सल्ला होता: २० ऐवजी १५ ग्रॅम घ्या, दळण थोडं जाड करा, शॉट लवकर उतरू द्या. कॉफी वाचते आणि शॉट एकमेकांशी जुळतात.

सात, अठरा, पंधरा. तिन्ही आकडे आपापल्या जागी बरोबर आहेत, कारण प्रत्येकामागे वेगळं यंत्र, वेगळी बी आणि वेगळा पिणारा आहे. घरी यंत्र आणलेल्याने यातला कोणता आकडा खरा, हे भांडण सोडून आपलं यंत्र कोणता आकडा मागतं ते पाहावं.

थरातून पाणी कसं जातं

फ्रेंच अभियंता आँरी दार्सी यांनी दिजाँ शहराच्या पाणीपुरवठ्याच्या निमित्ताने वाळूच्या थरांवर प्रयोग केले आणि १८५६ मध्ये त्यांचा निष्कर्ष छापला. थर जितका जाड, तितका प्रवाह मंद. दाब जितका जास्त, तितका तो जलद. पुढच्या संशोधनाने त्यात भर घातली, की कणाच्या आकाराचा परिणाम त्याच्या वर्गाच्या प्रमाणात होतो. कॉफीला हे लावून पाहू. वजन १८ वरून १९ ग्रॅम केलं, तर थर साडेपाच टक्क्यांनी जाड होतो आणि प्रवाह साधारण तेवढाच मंदावतो. कण मात्र १० टक्क्यांनी बारीक केले, तर प्रवाह १९ टक्क्यांनी घटतो. प्रत्यक्षात कॉफीचे कण ओले होऊन फुगतात, एकसारखे नसतात, म्हणून हिशेब इतका नेमका जुळत नाही. पण कोणता बदल जास्त जोराचा आहे ते कळतं.

वजन न हलवण्याचं दुसरं कारण याहून महत्त्वाचं. पूड वाढवली की शॉट मंदावतो, शिवाय पुडीचं पाण्याशी प्रमाणही बदलतं. मग चव बदलली ती वेळेमुळे की प्रमाणामुळे, हे सांगता येत नाही. दळण बदललं तर पूड आणि कॉफी दोन्हींचं वजन तेच राहतं; बदलते फक्त पाण्याची वाट. २५० ग्रॅमच्या पाकिटात १८ ग्रॅमचे जेमतेम १३ शॉट होतात. त्यातले चार अंदाज बांधण्यात गेले तरी एक चतुर्थांशाहून जास्त पाकीट संपतं. एका वेळी एकच गोष्ट बदलण्याची शिस्त खिशालाही परवडणारी आहे.

वजन ठरवतं बास्केट

पोर्टाफिल्टर म्हणजे पूड भरून यंत्रात अडकवायचा दांडा; त्याच्या आत बसणारी जाळीची वाटी म्हणजे बास्केट. ती किती ग्रॅमची आहे ते बहुधा तिच्यावर किंवा माहितीपुस्तिकेत लिहिलेलं असतं: १४, १८, २०. त्या आकड्याच्या एक ग्रॅम अलीकडे-पलीकडे राहावं. पूड कमी पडली तर वर पोकळी राहते, दाबलेल्या पुडीची चकती चिखलासारखी होते आणि कडेने पाणी निसटतं. जास्त झाली तर फुगलेली पूड वरच्या जाळीला टेकते आणि थर फाटतो. पारखण्याची जुनी युक्ती सोपी आहे. दाबलेल्या पुडीवर एक स्वच्छ नाणं ठेवून पोर्टाफिल्टर यंत्रात अडकवायचा आणि पाणी न सोडता काढायचा. नाणं पुडीत रुतलं असेल तर पूड जास्त झाली.

काटा मात्र ०.१ ग्रॅम दाखवणारा हवा. स्वयंपाकघरातला साधा काटा १८ दाखवतो तेव्हा पूड साडेसतरा असू शकते किंवा साडेअठराही. चमच्याने मोजणं तर सोडूनच द्यावं: गडद भाजलेली बी फुगून हलकी होते, त्यामुळे तेवढ्याच चमच्यांत तिचं वजन कमी भरतं.

त्याआधी एक गोष्ट तपासून घ्यावी. स्वस्त यंत्रांसोबत बहुधा दुहेरी तळाचं बास्केट येतं, ज्याच्या बाहेरच्या तळाला एकच बारीक भोक असतं. दाब ते भोक तयार करतं, फेसही तेच आणतं. त्यात तयार पूडही चालते, पण दळण हलवून फारसा फरक पडत नाही. दळणाचा खेळ खेळायचा असेल तर एकेरी तळाचं बास्केट घ्यावं. यंत्रावर ‘१५ बार’ किंवा ‘२० बार’ असं ठळक छापलेलं असलं तरी भुलू नये. तो पंपाचा कमाल दाब, कॉफीला नऊच्या आसपास पुरतो.

दळणाचा स्वभाव

एस्प्रेसोचं दळण बारीक रव्याहून बारीक, पण मैद्याहून किंचित जाड. चिमटीत घेतलं तर खर लागली पाहिजे. कण एकाच मापाचे कधीच नसतात. काहीशे मायक्रॉनच्या कणांसोबत अगदी धुळीसारखा चुराही पडतो. हा चुरा थोडा हवाच, कारण मोठ्या कणांमधल्या जागा भरून तोच पाण्याला अडवतो. फार झाला तर वाटच बुजते.

मिक्सरच्या पात्याचं काम इथे होत नाही. पातं बी फोडत राहतं, काही कण पिठासारखे होतात, काही अर्धे राहतात, आणि दळण एका खुणेने बारीक करण्याची सोयच नसते. त्यासाठी दोन दातेरी चकत्यांमधलं अंतर कमी-जास्त करता येणारा ग्राइंडर लागतो. हाताने फिरवायचा चालेल, पण त्याच्या खुणा जवळजवळ असाव्यात. एका खुणेत शॉट २० सेकंदांवरून थेट ४० वर उडी मारत असेल तर मधली जागा सापडणार नाही. अंदाजपत्रक आखताना यंत्रातून काढून ग्राइंडरवर घातलेला पैसा सहसा वाया जात नाही. ग्राइंडरची खूण बदलल्यावर आत अडकलेली जुनी पूडही बाहेर पडते, म्हणून पहिले काही ग्रॅम बाजूला काढावेत. आणि विजेचा ग्राइंडर बारीक करायचा असेल तर तो चालू असताना करावा, म्हणजे चकत्यांत दाणे अडकत नाहीत.

घड्याळ आणि जीभ

कामाची रीत अशी. १८ ग्रॅम पूड घ्या, सारखी पसरा, सपाट दाबा. कपाखाली काटा ठेवा, पंप सुरू होताच घड्याळ लावा, ३६ ग्रॅमला थांबवा. पंधरा सेकंदांत झालं तर दळण बारीक करा, पंचेचाळीस लागले तर जाड. २५ ते ३० सेकंदांच्या आसपास आलात की घड्याळ बाजूला ठेवून चव घ्या. जिभेच्या कडा आवळणारा आंबटपणा आणि पाणचटपणा म्हणजे पुडीतून पुरेसं उतरलं नाही: आणखी बारीक. घसा कोरडा करणारा कडवटपणा म्हणजे फार उतरलं: किंचित जाड.

किती उतरलं याचा हिशेबही साधा आहे. ३६ ग्रॅम कॉफीत १० टक्के विरघळलेला अंश असेल तर तो ३.६ ग्रॅम, म्हणजे १८ ग्रॅम पुडीचा २० टक्के. १८ ते २२ टक्के ही १९५० च्या दशकापासून चांगली मानली गेलेली पट्टी आहे.

सगळ्यात फसवा शॉट तो, जो एकाच घोटात आंबटही लागतो आणि कडूही. तो लवकरही उतरतो, म्हणून हात आपोआप ‘बारीक’कडे जातो. तिथेच थांबावं. पाण्याने थरात एकच वाट फोडलेली असते. त्या वाटेवरची पूड पिळून निघते आणि बाकीची कोरीच राहते. आणखी बारीक केलं तर दाटपणा वाढून वाट अधिकच रुंदावते. इथे दळण जाड करावं आणि गुठळ्या मोडाव्यात. जॉन वाइस यांनी २००५ च्या सुमारास सुचवलेली पद्धत आज जगभर वापरली जाते: बारीक सुयांनी बास्केटमधली पूड ढवळून मोकळी करायची. दाबायचं किती जोराने, यावर फार डोकं खपवू नये. पूड पूर्ण दबली की त्यापुढच्या जोराचा उपयोग नसतो, सपाटपणा महत्त्वाचा.

आपली हवा, आपली बी

जुलैतली मुंबई आणि मे महिन्यातलं नागपूर यांत एकच खूण चालेल ही अपेक्षा ठेवू नये. दमट हवेत उघडं पाकीट ओलावा शोषतं. कोरड्या हवेत दळताना स्थिर वीज तयार होऊन पूड भांड्याला आणि हाताला चिकटते, गुठळ्या होतात. बियांवर दळण्याआधी पाण्याचा एखादा थेंब फवारण्याची युक्ती हौशी लोक आधीपासूनच वापरत. हेंडन आणि ज्वालामुखींच्या विजेचा अभ्यास केलेले जोशुआ मेंडेझ हार्पर यांनी २०२३ मध्ये ती प्रयोगाने तपासली आणि तिने वीज व गुठळ्या कमी होतात हे दाखवलं.

बीही दिवसागणिक बदलते. भाजल्यावर पहिले काही दिवस तिच्यातून कार्बन डायऑक्साइड निघत असतो, त्यामुळे ताज्या बीचा शॉट उसळतो. आठवडाभर थांबलेलं बरं. पुढे पाकीट जुनं होत जातं तसा तोच शॉट जलद होतो आणि दळण खुणेखुणेने बारीक करावं लागतं. फिकट भाजलेली बी घट्ट असते, तिला बारीक दळण आणि दुपटीहून जास्त पाणी मानवतं. गडद भाजलेली लवकर सुटते, तिला जाड. चिकोरी मिसळलेली फिल्टर कॉफीची पूड मात्र एस्प्रेसोच्या बास्केटपासून लांब ठेवावी.

भारतात पिकणाऱ्या कॉफीत रोबस्टाचा वाटा मोठा आहे आणि इटली आपल्या कॉफीचं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक आहे. मंगळूरच्या बाजूला पावसाळी वाऱ्यावर फुगवलेला ‘मॉन्सून्ड मलबार’ तिथल्या मिश्रणांत जातो, कारण त्याला आंबटपणा कमी आणि अंग भरपूर. चांगल्या रोबस्टाने क्रेमाही दाट येतो. आपल्याकडे कॉफी बहुधा दुधातून प्यायली जाते, आणि दुधातून चव वर यायला अशी बीच बरी पडते. म्हणून सुरुवात करणाऱ्याने परदेशी चित्रफितींतली फिकट, फळांच्या चवीची कॉफी पहिल्याच महिन्यात गाठायला जाऊ नये. मध्यम-गडद भाजलेली देशी बी, त्यात हवा तर थोडा रोबस्टा, १८ च्या बास्केटमध्ये १८ ग्रॅम, कपात ३६. पाकिटावर पेनने तीन नोंदी लिहून ठेवाव्यात: ग्राइंडरची खूण, सेकंद, आणि चवीचा एक शब्द. दुसरं पाकीट उघडेपर्यंत त्या नोंदीच सांगतील की आपल्या घरचा आकडा सात, पंधरा की अठरा. आणि तो शेजारच्या घरच्या आकड्याशी जुळला नाही, तरी दोन्ही कप चांगले असू शकतात.