कमरेचा हिशेब कोण मांडणार?

आषाढात पवनेच्या काठी किंवा लोहगडाच्या पायथ्याशी गेले म्हणजे भातखाचरांत ओळीने वाकलेल्या बायका दिसतात. इंद्रायणी तांदळाचा भाव बाजारात रुपयांत ठरतो. त्यासाठी कमरेने काय मोजले, याची नोंद कोणत्याही खतावणीत नसते. अर्थशास्त्राचा अध्यापक या नात्याने प्रस्तुत लेखकाला ही उणीव खटकते.

ढोबळ हिशेब शाळकरी मुलालाही जमेल. ५० किलो वजनाच्या बाईचे कमरेवरचे अंग २५ किलो धरू. ती आडवी वाकली की या भाराचा मध्य कमरेच्या मणक्यापासून सुमारे २५ सेंटिमीटर पुढे जातो. तो तोलणारे पाठीचे स्नायू मणक्यामागे जेमतेम ५ सेंटिमीटरवर असतात. तरफेच्या नियमाने त्यांना पाचपट, म्हणजे १२५ किलो वजन पेलण्याइतका जोर लावावा लागतो. तथापि शरीरात स्नायू शेकडो. त्यांतला कोणता किती भार घेतो, हे कागदावर सुटत नाही.

ते सोडविण्यासाठी अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठात स्कॉट डेल्प व त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘ओपनसिम’ ही संगणक-प्रणाली सिद्ध केली आणि २००७ साली ती जगाला खुली केली. हाडे, सांधे व स्नायू यांची गणिती प्रतिकृती तीत असते. हालचालीची मोजमापे पुरविली की सांध्यांवरील भाराचा अंदाज ती काढते व ती हालचाल पडद्यावर दाखविते. ती विनामूल्य तर आहेच. शिवाय तिची मूळ आज्ञावली कोणालाही तपासता व बदलता येते.

लोणावळ्याला ही रीत नवी नाही. स्वामी कुवलयानंदांनी १९२४ साली येथे कैवल्यधाम स्थापिले. नौली करताना पोटातील दाब किती उतरतो हे त्यांनी यंत्राने मोजले, क्ष-किरण छायाचित्रे घेतली आणि ‘योगमीमांसा’ त्रैमासिकात हे प्रयोग छापले. ज्याला शंका असेल त्याने पडताळून पाहावे!

परंतु प्रणाली फुकट मिळाली म्हणून ज्ञान फुकट मिळत नाही. चालण्याच्या अभ्यासासाठी २०१६ साली प्रसिद्ध झालेली एक नामांकित प्रतिकृती २१ शवांच्या मोजमापांवर आणि २४ निरोगी तरुणांच्या एमआरआय चित्रांवर उभी आहे. गुडघाभर चिखलात वाकलेली पन्नाशीची बाई तीत कोठून येणार? प्रतिकृती उंची-वजनाप्रमाणे लहानमोठी करता येते, झिजलेल्या कमरेप्रमाणे नव्हे. मोजमाप बांधावर जाऊनच घ्यावे लागेल. आणि पायाखालचा जोर मोजणारी प्रयोगशाळेतील पाटी चिखलात कशी बसवायची, हा प्रश्न निराळाच.

लावणीचे यंत्र परवडत नाही असे आपण म्हणतो, तेव्हा त्याची तुलना केवळ मजुरीशी करतो. कमरेची झीज शून्य धरलेली असते. तालुक्यातील महाविद्यालयांच्या विद्यार्थ्यांनी पुढील आषाढात हे काम हाती घ्यावे. मात्र मोजमापासाठी काम सोडून उभ्या राहणाऱ्या बाईची त्या दिवसाची मजुरी अंदाजपत्रकाच्या पहिल्या ओळीत असावी.